शिकारीसाठी दुसऱ्याच्या रानात जायची परवानगी कशी मागावी (विस्कॉन्सिनपुरतं)

विस्कॉन्सिनमध्ये नव्याने शिकारीच्या नादी लागलेली आपली मंडळी मला हमखास एकच गोष्ट विचारतात. हंटर एज्युकेशनचा कोर्स झाला, लायसन्स काढलं, रेंजवर सराव झाला, आता जायचं कुठे? मॅडिसनच्या पश्चिमेला आयोवा, सॉक, रिचलंड, व्हर्नन या काउंट्यांत पांढऱ्या शेपटीची हरणं रग्गड आहेत, पण रान बहुतेक खाजगी. सरकारी जमीनही आहे. मात्र थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी नऊ दिवसांचा बंदुकीचा सीझन उघडतो, त्या पहाटे तिथे झाडाझाडाआड केशरी जॅकेटं दिसतात. म्हणजे कुणाच्या तरी दारात जाऊन विचारणं आलंच.

एक गोष्ट आधी सांगून टाकते. तुम्ही एच-१बी किंवा तत्सम व्हिसावर असाल तर केंद्रीय कायद्याप्रमाणे बंदूक आणि गोळ्या जवळ बाळगायला मनाई आहे. कुठल्याही राज्याचं चालू शिकारीचं लायसन्स असेल तर सवलत मिळते. ग्रीनकार्डवाल्यांना ही अडचण नाही. लायसन्सची मुदत संपली की सवलतही संपते, म्हणून तारखेवर लक्ष ठेवा, आणि शंका असेल तर वकिलाला पैसे देऊन विचारा. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या भाऊजींना विचारू नका.

विचारणं आपल्याला जड का जातं, तर तशी सवयच नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तिकडे शिकार संपली, त्यामुळे ‘तुमच्या रानात शिकार करू का’ हा प्रश्न आपल्या आईबापांनी कधी कुणाला विचारलेला नाही. माझं माहेर पुरंदर तालुक्यातलं, घरची शेती. आमच्याकडे बांधावरून चालत जाणाऱ्याला कुणी हटकत नाही, पण तोच बांध कुणी वीतभर कोरला तर दोन पिढ्या तारखा घेतात. इथे पाऊल टाकायच्या आधी विचारायचं. विस्कॉन्सिनमध्ये कुंपण नसो, ‘नो ट्रेसपासिंग’ची पाटी नसो, परवानगी ही लागतेच. पाटी दिसली नाही ही सबब चालत नाही आणि दंड हजार डॉलरपर्यंत जाऊ शकतो.

मी दूध तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. शेतकऱ्यांशी रोजचं बोलणं असल्यामुळे एवढं कळलंय की तुम्ही दारात उभे राहता तेव्हा मालकाच्या मनात हरीण नसतंच. त्याला दिसतं उघडं राहिलेलं फाटक आणि रस्त्यावर गेलेल्या कालवडी. ओल्या शेतात रुतलेली गाडी आणि तिच्या चाकांनी पाडलेले चर. कुणी झाडावरून पडलं तर येणारी वकिलाची नोटीस. आणि सगळ्यात मोठी धास्ती, हा माणूस उद्या आणखी चौघांना घेऊन आला तर? या सगळ्यांची उत्तरं त्याने विचारायच्या आत तुमच्या तोंडून आली की परवानगीचं निम्मं काम झालं. खालचं सगळं त्यासाठीच आहे.

मालक शोधणं

प्रत्येक काउंटीचा जमीन नोंदींचा नकाशा इंटरनेटवर फुकट पाहता येतो. जमिनीच्या तुकड्यावर बोट ठेवलं की मालकाचं नाव आणि टॅक्सचं बिल जातं तो पत्ता दिसतो. फोनवर ऑनएक्ससारखं अ‍ॅप घेतलं तर रानात उभं राहूनही हद्द कळते. त्याला वर्गणी लागते, पण ती वसूल होते. जुने शेतकरी अजून छापील प्लॅट बुक, म्हणजे जमीनमालकांच्या नावांसकट नकाशांचं पुस्तक, वापरतात.

नकाशा वाचायला सोपा आहे. सहा मैल बाय सहा मैलांची टाउनशिप, तिचे ३६ सेक्शन, एक सेक्शन ६४० एकरांचा. त्याचे चार भाग, आणि त्यातल्या एकाचे पुन्हा चार भाग पाडले की ४० एकरांचा तुकडा हाती येतो, त्याला सगळे ‘फॉर्टी’ म्हणतात. शेतकरी ‘बॅक फॉर्टी’ म्हणाला तर त्याला घरापासून सगळ्यात लांबचं रान म्हणायचंय. (आपले ४० गुंठे म्हणजे एक एकर. पहिल्या वर्षी माझ्या डोक्यात हे ४० सारखे एकमेकांत मिसळायचे.)

फसगत होते ती पुढे. शेतात ट्रॅक्टर चालवणारा माणूस मालक असेलच असं नाही. या भागात खंडाने कसलेली जमीन भरपूर आहे. मालकीण म्हातारी, मिनीयापोलिसला मुलीकडे, आणि जमीन शेजारचा कसतो. शिकारीला हो म्हणायचा अधिकार कुणाचा, हे त्यांच्या करारावर ठरतं. मी दोघांनाही विचारते. मालकाची परवानगी असली तरी कसणाऱ्याला न सांगता त्याच्या उभ्या मक्यातून कुणी गेलं तर तो चिडणारच, आणि त्याचं चिडणं रास्त आहे.

नकाशावर मालकाच्या नावापुढे ‘एलएलसी’ (म्हणजे कंपनी) किंवा ‘ट्रस्ट’ दिसलं की दार ठोठावून उपयोग नाही. टॅक्सच्या पत्त्यावर पत्र पाठवा. एका पानाचं, हाताने सही केलेलं, सोबत स्वतःचा पत्ता घातलेलं तिकीट लावलेलं पाकीट. ईमेलला उत्तर न देणारी माणसं पाकिटाला देतात.

दार ठोठावायच्या आधी दोन याद्या बघून घ्या. पहिली ‘मॅनेज्ड फॉरेस्ट लॉ’ची. जंगल राखणाऱ्या मालकांना त्यात टॅक्समध्ये सवलत मिळते, आणि त्यातल्या ‘ओपन’ जमिनीवर कुणालाही पायी शिकारीला जाता येतं, विचारावंही लागत नाही. अट एवढीच की तिथे पोचायला दुसऱ्याची बंद जमीन ओलांडायची नाही. मी तरी शेजारी घर असेल तर सांगून जाते. दुसरी यादी पिकाच्या नुकसानभरपाईची. हरणांनी मका, सोयाबीन खाल्लं म्हणून जो शेतकरी काउंटीकडून भरपाई मागतो, त्याला त्या बदल्यात शिकाऱ्यांना वाट द्यावी लागते. ही नावं डीएनआरकडे (राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याकडे) किंवा काउंटीच्या ऑफिसात मिळतात. नव्या माणसासाठी याहून चांगली सुरुवात नाही, कारण इथे तुम्ही उपकार मागायला जात नाही, त्याचंही काम होणार असतं. फोन मात्र आधी करायचा.

कधी जायचं

नोव्हेंबरमध्ये नको. सीझनच्या आधीच्या आठवड्यात दार वाजलं की मालक दार उघडायच्या आधीच ‘नाही’ ठरवून बसलेला असतो, कारण त्याच्याकडे त्या आठवड्यात आलेले तुम्ही पहिले नसता.

मला फेब्रुवारी-मार्च बरा वाटतो. सीझन संपलेला, पेरणी लांब, माणसांना बोलायला वेळ असतो. नाहीतर जुलैचा शेवट ते ऑगस्ट. एप्रिल-मेमध्ये पेरणी, मेअखेर ते जून गवताची पहिली कापणी, आणि ऑक्टोबरात कंबाइन, म्हणजे कापणी-मळणीचं यंत्र, फिरत असतं. कंबाइन चालवणाऱ्याला हात करून थांबवणाऱ्याला परवानगी मिळाल्याचं मी ऐकलेलं नाही.

दूधवाल्यांकडे धारांची वेळ टाळा. पहाट आणि संध्याकाळचे चार-पाच ते सात. सकाळी दहाच्या पुढे, जेवणाच्या आधी गेलात तर माणूस सापडतो. पाऊस पडून गेल्याच्या दुसऱ्या दिवशी शेतात जाता येत नाही, त्यामुळे तो शेडमध्ये काहीतरी दुरुस्त करत बसलेला असतो. तो दिवस सोडू नका.

व्हर्नन काउंटीत आमिश, म्हणजे आधुनिक साधनं टाळणाऱ्या ख्रिस्ती पंथाची, घरं पुष्कळ आहेत. तिथे फोनचा प्रश्नच येत नाही, प्रत्यक्ष जावं लागतं, आणि रविवारी अजिबात जायचं नाही. फोटो काढायचे नाहीत, हे सांगायला लागू नये.

दारात

स्वच्छ साधे कपडे. कॅमोफ्लाज घालून जाऊ नका, तुम्ही आधीच शिकारीला निघालात असं दिसतं. बंदूक घरी. गाडी ड्राइव्हवेत अशी लावा की कुणाचा ट्रॅक्टर अडणार नाही. कुत्रा भुंकत आला तर गाडीतच बसून राहा, घरातून कुणीतरी बाहेर येतंच. घंटी वाजवून दोन-तीन पावलं मागे सरकायचं, गॉगल काढायचा, हात खिशातून बाहेर.

आपण वेगळे दिसतो, उच्चार वेगळे आहेत, आणि बंदुकीचा विषय काढायला अनोळखी माणसाच्या दारात उभे आहोत. हे मनातून जात नाही, आणि जावं असंही मी म्हणत नाही. मी दिवसाउजेडीच जाते, आणि कुणाच्या घरी चाललेय ते नवऱ्याला कळवून जाते. दारात पहिल्याच वाक्यात नाव, राहायचं गाव आणि काम सांगते. ‘दुधाच्या लॅबमध्ये’ म्हटलं की चेहरा सैल होतो, हे माझं नशीब. तुमचं काम काहीही असो, सांगा. तुम्ही पोटापाण्याला काय करता हे कळलं की माणूस अर्धा ओळखीचा होतो. कुणी ‘मूळचे कुठले’ विचारलं तर मी शेतीवर येते. आमच्याकडे ऊस होता, रानडुकरं नासधूस करायची. त्यानंतर गप्पा डुकरांवर जातात आणि उभ्याउभ्या निघायचं राहूनच जातं.

मागणी छोटी आणि नेमकी असावी. ‘तुमच्या जमिनीवर शिकार करू का?’ हा प्रश्न फार मोठा आहे, त्याचं सोपं उत्तर ‘नको’ हेच. मी साधारण असं म्हणते:

‘मी एकटी असते, सोबत कुणी नाही. क्रॉसबोने (घोडा दाबून बाण सोडायच्या धनुष्याने) शिकार करते. ऑक्टोबरातले दोन शनिवार, ओढ्यापलीकडच्या उतारावर बसायला मिळेल का? गाडी रस्त्याकडेलाच लावीन. मला माद्या चालतात, मोठ्या शिंगांच्या नराची अपेक्षा नाही. येण्याआधी मेसेज करीन, निघताना करीन. नको म्हणालात तरी काही वाटणार नाही.’

यातलं प्रत्येक वाक्य मालकाच्या एकेका धास्तीला उत्तर आहे. ‘माद्या चालतात’ हे तर सोन्यासारखं वाक्य. घरचा मुलगा किंवा जावई मोठ्या नरावर डोळा ठेवून असतो, आणि पीक खाणारी संख्या वाढते ती माद्यांमुळे. मात्र तुमच्याकडचा मादीचा परवाना त्याच काउंटीचा आणि खाजगी जमिनीचाच आहे ना, ते आधी तपासा. इथे परवान्यावर काउंटी आणि जमिनीचा प्रकार दोन्ही ठरलेले असतात, सरकारी जमिनीचा परवाना शेतात चालत नाही.

शेवटचं वाक्यही मनापासून म्हणा. नकार द्यायची मोकळीक असलेला माणूस जास्त वेळा होकार देतो, असं मला वाटतं. निदान पुढच्या वर्षी दार तरी उघडतो.

हरणाला थेट हात घालायचा नसेल तर वसंतातल्या टर्कीसाठी (रानातला कोंबडीसारखा मोठा पक्षी) विचारा. एप्रिल-मेमध्ये गर्दी कमी, रायफल नाही, घरच्यांचा हक्क त्यावर फारसा अडलेला नसतो. टर्कीच्या सीझनमध्ये तुम्ही फाटक लावून जाता की नाही हे मालक बघून ठेवतो, आणि ऑगस्टमध्ये कधीकधी तोच हरणाचा विषय काढतो.

वकिलाची भीती आणि पैशाचा विषय

‘तुला काही झालं तर मी जबाबदार?’ हा प्रश्न येतोच. विस्कॉन्सिनच्या कायद्यातलं ८९५.५२ हे कलम यासाठी आहे. करमणुकीसाठी, म्हणजे शिकारीसाठीही, जमिनीवर येऊ दिलेल्या माणसाला दुखापत झाली तर मालकावर सहसा जबाबदारी येत नाही. संरक्षण जातं ते मुख्यतः मालकाने मुद्दाम इजा केली तर, किंवा अशा वापरातून त्याला वर्षाला २,००० डॉलरपेक्षा जास्त मिळकत झाली तर. मी कलमाचा आकडा कागदावर लिहून देते आणि म्हणते, तुमच्या वकिलाला दाखवा. दारात उभं राहून कायदा शिकवू नका, कुणालाच आवडत नाही.

पैशाचा विषय मी स्वतःहून काढत नाही. लीजवर जमीन घेणारे शिकारी वेगळे, त्यांचे करार, विमा सगळं वेगळं. परवानगी मागायला आलेल्या माणसाने पाकीट काढलं की संबंधच बदलतो. त्यापेक्षा हाताला काम विचारा. कुंपणाची तार ओढायची असते, वादळात पडलेलं झाड फोडायचं असतं. मी एका घरी दर वसंतात अर्धा दिवस लाकडं रचायला जाते. माझ्याने फार रचून होत नाहीत, पण आजीबाईंना सोबत होते, आणि त्यांच्या दृष्टीने बहुतेक तेच काम असावं.

होकार मिळाल्यावर

तोंडी होकार कायद्याला चालतो, तरी लिहून घ्या. मी पोस्टकार्डाएवढं कार्ड छापून ठेवलंय. माझं नाव, फोन, गाडीचा रंग आणि नंबर, हत्यार, तारखा, रानाचा कुठला भाग, मालकाची सही. एक प्रत त्याच्या फ्रिजवर, एक माझ्या पाकिटात. शेजाऱ्याने शेरीफला फोन केलाच तर दोन मिनिटांत मिटतं.

त्याच वेळी बारीकसारीक विचारून घ्या. गाडी कुठे लावू? कुठल्या फाटकाला हात लावायचा नाही? ट्री-स्टँड, म्हणजे झाडावर बसायचा छोटा मचाण, बांधू का, की रोज काढून न्यायचं? झाडात स्क्रू घालायला नेहमी मनाई असते असं धरून चाला, लाकूड विकायचं असतं त्यांना. घरातलं आणखी कोण, कुठे बसणार? बंदूक असेल तर घरं कुठल्या बाजूला आहेत ते डोळ्यांनी बघून या. दुसऱ्याच्या जमिनीवर, राहत्या घराच्या १०० यार्डांच्या आत परवानगीशिवाय गोळी झाडता येत नाही. मी तर त्याच्या दुप्पट अंतर धरते, आणि घराच्या दिशेने नळी कधीच नाही.

शेजाऱ्यांचे नंबरही आत्ताच घ्या. बाण लागलेलं हरीण पडायच्या आधी पळतं, आणि हद्द त्याला माहीत नसते. तुम्ही मारलेलं असलं तरी शेजारच्या जमिनीत ते आणायला शेजाऱ्याची परवानगी लागते. रात्री आठ वाजता टॉर्च घेऊन कुंपणाशी उभं राहून नंबर शोधण्यापेक्षा ऑगस्टमध्येच एक चक्कर मारून ओळख करून ठेवा.

परवानगी तुमच्या एकट्याची आहे. साडू शिकागोहून आलाय, त्याला नुसतं बघायचंय, असं कितीही वाटलं तरी आधी फोन करून विचारा. न विचारता एखादा पाहुणा नेला म्हणून वर्षानुवर्षांची जागा गेलेली माणसं मला माहीत आहेत.

हरीण पडलं की पोट साफ करून आतडी कुठे टाकायची हे मालकाने सांगितलेलं असायला हवं. कुत्रा असलेल्या घरी ती अंगणाजवळ टाकू नका, दुसऱ्या दिवशी ती पायरीवर येतात. सीडब्ल्यूडी हा हरणांच्या मेंदूचा रोग विस्कॉन्सिनमध्ये २००२ साली पहिल्यांदा सापडला, तोही याच भागात, माउंट होरेबजवळ. म्हणून डोक्याचा नमुना डीएनआरच्या पेटीत द्या, तपासणी फुकट असते. निकाल येईपर्यंत मांस कुणाला वाटू नका, मालकाला तर नाहीच. नोंदणी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत. आणि मीठ, मका टाकून हरीण बोलवायचा विचार असेल तर बहुतेक काउंट्यांत बंदी आहे, मालक स्वतः टाक म्हणाला तरी.

निकाल ठीक आला की समर सॉसेज करून मालकाकडे पोचवा. सोबत मी दिवाळीतली शंकरपाळी देते. माझ्या सासरी सगळे माळकरी, त्यामुळे घरात मांसाला गिऱ्हाईक मी एकटीच, आणि मालकाचा वाटा मोठा निघतो. हरीण मिळालं नसेल तरी जा. ‘काही मिळालं नाही, पण उतारावरचं कुंपण एका ठिकाणी पडलंय’ एवढं सांगितलंत तरी चालतं.

नकार आला तर ‘थँक यू’ म्हणून निघायचं, कारण विचारायचं नाही. माणूस बोलता असेल तर एवढंच विचारा, आसपास कुणाला हरणांचा त्रास आहे का? पुष्कळदा तोच शेजाऱ्याचं नाव सांगतो, आणि मग पुढच्या दारात तुम्ही ‘अमुकांनी पाठवलं’ म्हणून उभे राहता.

परवानगी त्या सीझनपुरती धरा. जानेवारीत स्टँड काढून आणा आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा विचारा, दहावं वर्ष असलं तरी. जमीन विकली गेली किंवा मालक वारला की जुनं कार्ड रद्दी. नवं नाव काउंटीच्या नकाशावर चढायला थोडे दिवस लागतात. तोवर त्या रानात जाऊ नका, आणि नाव दिसलं की पत्र लिहा.